एकतिसाव्या पानावरचा दोरा

“बक्षीस तूच देणार न्हवं?” अक्कानं विचारलं.

“द्यायचं मीच आणि कुणाला ते ठरवायचंही मीच,” पोह्यांवर लिंबू पिळत मी म्हणालो. त्या काळात मला असं बोलायची सवय होती. पुण्यात राहायला लागून वीस वर्षं झाली होती, एका शाळेत मराठी शिकवत होतो आणि नुकतीच मुलांसाठी लिहिलेली एक कादंबरी छापून आली होती. एका कादंबरीवर माणूस किती फुगू शकतो, याचा मी चालताबोलता नमुना होतो.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण गोदावरी. लग्न होऊन ती तासगावकडच्या या खेड्यात आली. नवरा लवकर गेला, तेव्हापासून शिलाई मशीन हाच तिचा आधार. आम्ही शिंप्याची पोरं, तेव्हा ते काम तिला शिकावं लागलं नाही. गावातल्या सातवीपर्यंतच्या शाळेचे गणवेश तीच शिवायची. आपला भाऊ लेखक आहे हे मापं घेता घेता तिनं हेडमास्तर लाड गुरुजींच्या कानावर घातलं आणि गुरुजी पडले हौशी. त्यांनी माझ्या पुस्तकाच्या दहा प्रती मागवल्या, सातवीच्या मुलांना वाचायला लावल्या आणि मला पत्र धाडलं. ‘आपल्या कादंबरीवर विद्यार्थ्यांची चर्चा योजिली आहे. विषय : कादंबरीचे आशयसूत्र ओळखणे. परीक्षक आपणच व्हावे.’ असा मान कोण सोडतो? बक्षीस म्हणून एक जाडजूड शब्दकोश घेऊन मी पहिल्या गाडीनं हजर झालो. ही चौऱ्याण्णव सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट.

“मग ऐक,” अक्का म्हणाली. “गुरवाची उज्ज्वला हाय सातवीत. माझ्याकडं काजं करायला शिकती आन् काजं सोडून वाचतच बसती. तिचा बा म्हणतोय, सातवी झाली, आता बास. हायस्कूल चार मैल लांब. भाऊ जातोय सायकलीवर, पोरीनं कशाला जायाचं? आज त्यो बी येणार हाय शाळंत. चार लोकांत तिच्या हातात तुझं बक्षीस पडलं, तर गुरुजींस्नी बोलायला तोंड हुईल.”

“अक्का, वशिल्यानं नाही देता येत असं.”

“वशिला कोण म्हणालं? पोरगी वाचती चांगली. तू आधी ऐक, मग ठरीव.”

“चांगलं बोलली तर देईन की.”

“दे,” ती म्हणाली आणि न विचारता माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढले.

निघताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “तू वाचलंस का गं पुस्तक? पाठवून आठ महिने झाले.”

“चष्मा बदलायचा राहिलाय. वाचीन सावकाश.”

मला बरं वाटलं. का बरं वाटलं, याच्या खोलात मी तेव्हा गेलो नाही.

पुस्तकाचं नाव ‘अडीच कोसांची शाळा’. गोष्ट माझीच, फक्त नावं बदललेली. हणमंत हा शिंप्याचा मुलगा गावच्या शाळेत चौथी पास होतो. पुढची शाळा अडीच कोसांवर. तो रोज तेवढं चालतो. पहिल्या दिवशी त्याचा शिपाई नावाचा कुत्रा वेशीपर्यंत सोडायला येतो आणि हणमंत दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभा राहतो. मग भैरोबाच्या ओढ्याला पूर येतो, हणमंत दप्तर डोक्याला बांधून पोहून जातो आणि शेवटी तालुक्यात पहिला येतो. खरं म्हणजे ओढ्याला घोटाभर पाणी असायचं आणि मी तालुक्यात अकरावा आलो होतो, पण एवढी सूट लेखकाला मिळते. हणमंतला एक मोठी बहीण आहे, ताई. पहिल्या खर्ड्यात ती अक्का होती. शहरातल्या मुलांना अक्का कळायची नाही, असं प्रकाशक म्हणाले, म्हणून ताई केली. ती पुस्तकात पाच-सहा वेळा येते, भाकरी बांधून देते आणि जाते.

वर्गात चाळीसेक मुलं सतरंजीवर बसली होती. मागच्या भिंतीला काही पालक टेकले होते. अक्का दाराशी बसली होती. खिडकीबाहेर एक उंच, हडकुळा माणूस हात मागे बांधून उभा होता. तोच उज्ज्वलाचा बाप, हे गुरुजींनी मला हळूच सांगितलं. आत येऊन बसा म्हटलं तर तो नुसता हसला.

मी खडू घेतला आणि फळ्यावर ‘आशयसूत्र’ लिहिलं.

“सूत्र म्हणजे काय?”

“मंगळसूत्र!” एक मुलगा ओरडला. वर्ग हसला.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. असं म्हणून मुलांना चकित करायची माझी युक्ती होती. “सूत्र म्हणजे दोरा. हारातली फुलं दिसतात, आतला दोरा दिसत नाही. पण दोरा काढला तर हार राहत नाही. पुस्तकातही असा एक दोरा असतो. तो शोधायचा. चला, कोण सांगतंय?”

लाड गुरुजींनी विश्वजित नावाच्या मुलाकडे पाहिलं. कवायतीतल्या पोलिसासारखा तो उठला. “या कादंबरीचे आशयसूत्र जिद्द हे आहे. जिद्दीच्या जोरावर मनुष्य कोणतेही ध्येय साध्य करू शकतो. यावरून आपण असा बोध घेतला पाहिजे, की…” गुरुजींचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. संपल्यावर टाळ्या पडल्या.

मग बाकीचे उठले. एक म्हणाला, कुत्रा इमानी असतो हे सूत्र. एकीच्या मते आईवडिलांचं ऐकावं हे सूत्र. मागच्या रांगेतला एक जाडा मुलगा म्हणाला, “सर, प्रत्येकानं पोहायला शिकावं.” मी मनापासून हसलो. सगळं कसं ठरल्यासारखं चाललं होतं.

“उज्ज्वला गुरव,” गुरुजींनी नाव घेतलं.

तेलानं चोपडलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी, कोपराशी ठिगळ लावलेलं पोलकं. हातात पुस्तक छातीशी धरलेलं. ती आधी खिडकीकडे बघून मग माझ्याकडे वळली.

“सर, सूत्र ताईचं हाय.”

“ताईचं? कसं ते सांग.”

“ताईचं उत्तर ऐकायला कुणी थांबलं न्हाई, हे सूत्र.”

“नाही म्हण,” गुरुजी म्हणाले.

“थांबलं नाही. सर, कुत्र्याला नाव हाय शिपाई. म्हशीला नाव हाय. ओढ्याला बी नाव हाय. ताईला नाही. दोघं एकाच वर्गात हुती. चौथीत ताईचा पयला नंबर आला, हणमंताचा तिसरा, असं अठ्ठाविसाव्या पानावर दिलंय. मग शाळेला जायच्या दिवशी हणमंत इचारतो, ‘ताई, तू नाही येत?’ आन् तसाच निघून जातो. ती काय म्हणाली ते पुस्तकात न्हाईच. सगळ्या पुस्तकात ती परत कधी शाळेचं बोलत नाही. म्हणून मला वाटलं, हार त्याच दोऱ्याचा हाय.”

अक्काला शाळेत घालायला वडिलांनी दोन वर्षं उशीर केला होता, त्यामुळे आम्ही खरोखरच एका वर्गात होतो. नंबरही खरे होते. तेवढे खरे नंबर मी पुस्तकात का ठेवले, हे मला आजही सांगता येत नाही.

“सर, ही खोटं बोलतीया!” विश्वजित उभा राहिला. “ताईचं उत्तर हाय की. पान एकतीस.” आणि त्यानं ठसक्यात वाचलं, “‘नाही रे, मला नाही आवडत शाळा,’ ताई हसून म्हणाली.”

सगळीकडे पानं फडफडली. हाय की, हाय की, असा गलका झाला.

“माझ्या पुस्तकात न्हाई,” उज्ज्वला म्हणाली.

“फाडलं असशील.”

“फाडलं न्हाई. शिवलंय.”

वर्ग खो खो हसला. गुरुजींनी टेबलावर छडी आपटली. पोरीचे कान लाल झाले, पण ती बसली नाही. “सर, तुम्ही म्हणाला न्हवं, दोरा शोधा. माझ्या पुस्तकात खराच दोरा हाय. बघा.”

तिनं पुस्तक आणून माझ्या हातात दिलं, एकतिसावं पान उघडून.

हणमंतच्या प्रश्नाखालची ओळ दिसत नव्हती. तिच्यावर पांढऱ्या दोऱ्याचे टाके घातले होते, शर्टाच्या काजाला घालतात तसे, एकाला एक खेटून. एक अक्षर म्हणून उघडं राहिलेलं नव्हतं. कागद कुठे फाटला नव्हता की चुरगळला नव्हता. कागदावर असं काम करायचं म्हणजे सुई किती हलक्या हातानं चालवावी लागते, हे शिंप्याच्या घरात वाढलेल्यालाच कळेल. ओळीच्या डाव्या टोकाला गाठ होती.

आमच्या वडिलांकडे काजं करणाऱ्या तिघीजणी होत्या. गठ्ठ्यातला कुठलाही शर्ट उचलून वडील सांगायचे, हे गोदीचं. कारण अक्का डावरी. सगळ्यांची गाठ एका बाजूला, हिची दुसऱ्या.

मी मागे पहिलं पान उलटलं. ‘प्रिय अक्कास, तुझा दिगंबर.’ अक्षर माझंच.

मान वर केली तर दारातून अक्का माझ्याकडे सरळ बघत होती. डोळ्यांवर चष्मा नव्हता आणि तिला सगळं स्वच्छ दिसत होतं.

“काय झालं, सर?” गुरुजींनी विचारलं.

चाळीस मुलं, मागचे पालक आणि खिडकीतला गुरव, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या वेळी दोन-तीन वाक्यं बोलायची होती, एवढंच. ही मुलगी बरोबर सांगते आहे. ती ओळ खोटी आहे, ती मी माझ्या सोयीसाठी लिहिली. मला शब्दांची कधी वाण पडली नव्हती.

“छपाईतला दोष आहे,” मी म्हणालो. “बाइंडिंगवाल्याच्या हातून कधी कधी असं पान शिवलं जातं. ही प्रत सदोष आहे.”

शिंप्याचा मुलगा काजाच्या टाक्याबद्दल हे बोलला. मी पुस्तक मिटलं आणि पुढे पंतोजीच्या आवाजात सांगितलं, “आशयसूत्र छापलेल्या मजकुरावरून ठरवायचं असतं. आपल्या मनानं नाही. मूळ पुस्तकात ताईचं उत्तर आहे. तिला शाळा आवडत नाही असं ती स्वतः म्हणते. तेव्हा तुझं सूत्र चूक.”

ती ओळ उज्ज्वलानं आत्ताच पहिल्यांदा ऐकली होती आणि तिच्यावर विचार करत होती.

“पण सर, पयला नंबर आलेली पोरगी असं कशाला म्हणंल?”

“खाली बस,” मी म्हणालो.

शब्दकोश विश्वजितला दिला. फोटो निघाला. खिडकीतल्या गुरवानंही टाळ्या वाजवल्या, मग टोपी नीट केली आणि तो निघून गेला.

अक्कानं दुपारी पिठलं-भाकरी केली होती. आम्ही समोरासमोर बसून जेवलो. शेवटी मीच विषय काढला.

“कधी शिवलंस?”

“पुस्तक आलं त्याच दिशी.”

“मग चष्म्याचं…”

“चष्मा मला हायच कुठं?”

“पान फाडून टाकायचंस त्यापेक्षा.”

“तुझं पुस्तक फाडू व्हय?” ती रागावली. तेवढ्या वेळात ती रागावली ती एवढ्याच गोष्टीवर.

“आणि तेच त्या पोरीला दिलंस?”

“शाळंतली दहाच हुती, तिला मिळालं न्हाई. इचारलं तिनं, अक्का, हितं काय हाय? म्हटलं, छापणाऱ्यानं काय तर भलतंच छापलंय, तू फुडं वाच.”

म्हणजे आम्हा दोघांनीही खापर छापणाऱ्याच्याच डोक्यावर फोडलं होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी आम्ही यावर पोट धरून हसलो असतो.

“बक्षीस तिला द्यायला पायजे हुतं,” अक्का म्हणाली.

“हो.”

“मग?”

मी घड्याळ बघितलं आणि गाडीची वेळ झाली म्हणालो. अक्का उठली. फडक्यात दोन भाकऱ्या आणि चटणी बांधून तिनं माझ्या पिशवीत ठेवली. पुस्तकातल्या ताईनं याहून वेगळं काही केलं नव्हतं.

जूनमध्ये उज्ज्वलाचं नाव हायस्कुलात घातलं नाही. लाड गुरुजी तिच्या बापाकडे दोनदा जाऊन आले. त्यांनी मला पत्रात कळवलं, की गुरव म्हणतो, ‘लेखक सायबांनीच भर वर्गात तिचं चूक म्हणलं, मग आणि कशाला शिकवायची?’ हे वाक्य गुरुजींनी सहज लिहिलं होतं, टोचायच्या हेतूनं नाही. ते पत्र मी कुणाला दाखवलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते आणि वयाबरोबर ती कमी होईल असं जे म्हणतात, ते माझ्या बाबतीत झालेलं नाही.

पुढची चार वर्षं ती मुलगी अक्काकडे काजं करत होती. मग अक्कानं तिला तासगावला नेऊन सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला, म्हणजे शाळेत न जाता दहावीला बसायचं. गुरवाला तिनं काय सांगून पटवलं ते तिचं तिला माहीत. उज्ज्वला दुसऱ्या खेपेला पास झाली. पुढे शेजारच्या गावात अंगणवाडी चालवायला लागली. यात माझा हात काडीचाही नाही.

नऊ वर्षांनी पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. मी ती ओळ काढली. तिच्या जागी दुसरी काही सुचेना, म्हणून जागा कोरी ठेवली. प्रकाशक म्हणाले, लोक चूक समजतील. समजू दे म्हटलं. सहा महिन्यांत बार्शीच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं. ‘पान एकतीसवर हणमंतच्या प्रश्नानंतर ताईचे उत्तर छापायचे राहिले आहे. आम्ही वर्गात आशयसूत्राची चर्चा घेतो, मुले विचारतात, त्यांना काय सांगावे?’

ते पत्र खिशात घालून मी अक्काकडे गेलो. ती मशीनवर होती. पत्र तिनं हातात घेतलं, मान जरा मागे केली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

“बाई हुशार हाय,” ती म्हणाली. “तिला लिव्ह, पोरांस्नीच इचारा म्हणावं. ताई काय म्हणाली असंल? ज्येचं त्येनं सांगावं.”

ती सुईत दोरा ओवायला लागली. मी तिच्या डाव्या हाताकडे बघत होतो.

“तू काय म्हणाली असतीस, अक्का?”

आमच्या चौथीच्या निकालाला तेव्हा चाळीस वर्षं होऊन गेली होती. एवढ्या काळात हे मी तिला पहिल्यांदा विचारलं. तिनं दोरा दातानं तोडला आणि गाठ मारली.

“‘मी बी येते.’”

“असं म्हणाली असतीस?”

“असतीस काय?” ती म्हणाली. “म्हणालेच हुते की. येशीपतुर आले हुते तुझ्या मागनं. हाक बी मारली. तू फुडं निघून गेला हुतास. दिसंनासा झालास, तवर हुबी हुते मी तितं.”

तिनं शर्ट मांडीवर ओढला आणि काज घालायला घेतलं. पुस्तकात वेशीपर्यंत येतो आणि हणमंत दिसेनासा होईपर्यंत उभा राहतो, तो शिपाई कुत्रा. आमच्या घरी कुत्रं कधीच नव्हतं.